ईश्वरी संकल्प आणि पाचारण : मराठी ख्रिस्ती साधकांच्या जीवनातील एका प्रश्नाचे विवेचन

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. घोड नदी याच परिसरात उगम पावते आणि गावाजवळून निघणारी घाटवाट खाली कोकणात मुरबाडच्या बाजूस उतरते. महादेव कोळी समाजाची वस्ती असलेल्या या गावाची देवराई प्रसिद्ध आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यामुळे या रानांच्या मागे असलेल्या लोकसंकेतांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. देवराईतील झाडास हात लावावयाचा तर दैवताची अनुज्ञा हवी, हा त्यांपैकी मुख्य संकेत होय. अशी अनुज्ञा मिळविण्याचा सह्याद्रीच्या परिसरात, विशेषतः कोकणात, रूढ असलेला मार्ग म्हणजे कौल. देवाच्या पाषाणास लावलेली पाकळी किंवा तांदळाचा दाणा उजवीकडून पडला की होकार, डावीकडून पडला की नकार, प्रश्न मिटला.

देवाची इच्छा जाणून घेण्याची ही रीत अडाणीपणाची म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, परंतु तिच्या घडणीकडे नीट पाहिल्यास प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी येऊन पोहोचता येते. कौलात प्रश्न नेमका असतो : हे झाड तोडावे की न तोडावे, हे काम हाती घ्यावे की न घ्यावे. उत्तर बाह्य खुणेत मिळते आणि ते उपस्थित सर्वांस सारखेच दिसते. देवराईसारख्या बाबतीत विचारणारा गावाच्या वतीने विचारतो. त्याचे स्वतःचे अंतःकरण कसे आहे याचा उत्तराशी संबंध नसतो. ख्रिस्ती साधक जेव्हा ‘माझ्या आयुष्याविषयी देवाचा संकल्प काय आहे’ असा प्रश्न विचारतो, तेव्हा या तिन्ही गोष्टी उलटतात. प्रश्न एका कृतीपुरता न राहता सबंध आयुष्याविषयीचा होतो. उत्तराची खूण बहुधा आत, म्हणजे मनातच शोधावी लागते. आणि विचारणाऱ्याच्या अंतःकरणाची शुद्धी ही उत्तर मिळण्याची अटच होऊन बसते. यातूनच एक बिकट अडचण उभी राहते. उत्तर अंतःकरणात उमटणार असेल, तर ते देवाचे कोणते आणि स्वतःच्या इच्छेचा प्रतिध्वनी कोणता, हे ठरवावयाचे कसे? एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती माणसांस ही अडचण ग्रंथांतून कळली नाही. तिची किंमत त्यांनी घरदार, जात आणि आप्तजन देऊन मोजली. म्हणून तिचा विचार त्यांच्या चरित्रांच्या आधारे करणे अधिक फलदायी ठरते.

प्रथम शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. मराठी बायबलात या कल्पनेसाठी मुख्यतः दोन शब्द रूढ झाले : ‘संकल्प’ आणि ‘पाचारण’. पूजाविधीत संकल्प सोडतो तो यजमान. देश, काल व गोत्र यांचा उच्चार करून अमुक कर्म मी करीन असे तो म्हणतो. मराठी बायबलातील संकल्प मात्र देवाचा असतो, मनुष्य त्या संकल्पाचा विषय असतो. एका परिचित शब्दाचा कर्ताच बदलल्यामुळे हिंदू घरातून आलेल्या वाचकास ही कल्पना एकाच वेळी ओळखीची व अनोळखी वाटली असली पाहिजे. ‘पाचारण’ हा शब्द ग्रीक ‘क्लेसिस’ या शब्दाचे काम करतो. त्यात हाक मारणारा कोणी आहे हे गृहीत असते, आणि येथेच तो शब्द ‘प्रारब्ध’ व ‘स्वधर्म’ या दोन शेजारच्या कल्पनांपासून वेगळा पडतो. प्रारब्ध भोगावयाचे असते. त्यास उत्तर द्यावयाचे नसते. स्वधर्म, ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात त्याचे जे विस्तृत विवेचन आहे त्यात, जन्मासरशी प्राप्त झालेला असतो आणि तो टाळल्याने हानी होते. पाचारणास मात्र होकार देता येतो तसा नकारही देता येतो, आणि ते जन्माने आलेल्या स्थानातून माणसास बाहेरही काढू शकते. ज्या समाजात जन्मसिद्ध स्थान हीच जीवनाची चौकट होती, तेथे या शब्दात केवढा स्फोटक आशय भरलेला होता, हे वेगळे सांगावयास नको.

ख्रिस्ती परंपरेतही कौलासारख्या रीतींचा सर्वस्वी अभाव आहे असे नव्हे. जुन्या करारात गिदोन खळ्यात लोकर पसरून ठेवतो आणि दंव लोकरीवर पडते की भूमीवर, यावरून देवाचे मन ओळखू पाहतो. नव्या करारातही यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. पण पेन्टेकॉस्टच्या प्रसंगानंतर शिष्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख येत नाही, ही गोष्ट भाष्यकारांनी पुष्कळदा निदर्शनास आणली आहे. त्याऐवजी प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातील प्रसंग पाहावा. पौल व त्याचे सोबती आशिया प्रांतात वचन सांगू पाहतात, ते जमत नाही. बिथुनियाकडे वळू पाहतात, तेही जमत नाही. त्रोवस येथे रात्री पौलास मासेदोनियाचा मनुष्य साहाय्यासाठी विनवीत असल्याचा दृष्टान्त होतो, आणि मग सर्व मंडळी मिळून अनुमान करतात की देवाने आपणांस तिकडेच बोलाविले आहे. यातील ‘अनुमान’ हा भाग महत्त्वाचा होय. दृष्टान्त एकट्यास झाला, निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि त्यापूर्वी दोन दारे बंद झाली होती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातही देवाची इच्छा ओळखण्यासाठी पौलाने जे क्रियापद योजिले आहे ते धातूची पारख करण्याच्या अर्थाचे आहे, आणि ती पारख मनाचे नवीकरण झालेल्याने करावयाची आहे. सारांश, खुणेची जागा परीक्षेने घेतली.

या परीक्षेची सर्वांत काटेकोर पद्धत सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला याने सिद्ध केली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकास १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. जीवनमार्ग निवडण्याचे तीन काळ त्याने सांगितले आहेत : ज्यात संशयास जागाच उरत नाही असा पहिला, अंतःकरणात येणाऱ्या समाधानाच्या व शुष्कतेच्या लाटा दीर्घकाळ न्याहाळून त्यांचा स्रोत ओळखण्याचा दुसरा, आणि मन शांत असता दोन्ही बाजूंचे लाभ व तोटे बुद्धीने तोलण्याचा तिसरा. तिसऱ्या काळासाठी तो एक उपायही सुचवितो : आपण मरणशय्येवर आहोत असे कल्पून, त्या वेळी कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, ते पाहावे. मराठीच्या अभ्यासकास या पद्धतीचे अगत्य असण्याचे कारण असे की, १५७९ मध्ये गोव्यास आलेला आणि १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारा फादर थॉमस स्टीफन्स हा याच साधनेत घडलेला जेझुइट होता. इंग्लंडात जन्मलेल्या एका मनुष्याने आपल्या आयुष्याचा संकल्प साष्टीतील लोकांच्या भाषेत ओवीबद्ध पुराण रचण्यात शोधावा, ही घटना कोणत्याही व्यवहारी हिशेबात बसत नाही.

प्रॉटेस्टंट पंथात कल्पनेस निराळे वळण लागले. मार्टिन ल्यूथरने ‘क्लेसिस’साठी जर्मन भाषेत ‘बेरूफ’ हा शब्द योजून पाचारणाचा अर्थ मठातून काढून चांभाराच्या, शेतकऱ्याच्या, गृहिणीच्या कामापर्यंत आणून पोहोचविला. माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये या शब्दाचा भांडवली नीतीशी जो संबंध जोडला तो विद्यार्थ्यांस परिचितच आहे. कॅथलिक पंथाने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ च्या आपल्या घोषणापत्रात, पावित्र्याचे पाचारण केवळ धर्मगुरूंस नव्हे तर सर्वांस आहे, असे स्पष्ट केले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या आयुष्यात धर्मगुरूची दीक्षा, मराठीतील लेखन व वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी केलेली चळवळ ही एकाच व्रताची अंगे होऊन राहिली, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न उघडपणे न्यायालयात येऊन उभा राहिला. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला; त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने अल्पवयीन म्हणून मुलास त्यांच्या स्वाधीन केले. पुढे त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर त्यास परत घेण्याच्या बाजूचे होते. या खटल्याचा विचार सामान्यतः सुधारणेच्या इतिहासात केला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु धर्मतत्त्वाच्या दृष्टीने त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. देवाची हाक ओळखण्याची पात्रता कोणत्या वयात येते, आणि ती आली आहे हे ठरविण्याचा अधिकार पित्याचा, पाद्र्याचा की न्यायाधीशाचा? न्यायालयाने ताब्याचा निर्णय दिला. मुलाच्या अंतःकरणात काय होते हा विषय त्याच्या कक्षेत येणारच नव्हता.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या प्रश्नाचे जवळजवळ सर्व पैलू एकत्र आढळतात. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या आईवडिलांबरोबर गेले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले. दैवी कृपेसाठी सर्वस्व दानधर्मात घालवूनही उपासमार टळली नाही, ही आठवण त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नमूद केली आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यास मिळालेला सन्मान, बिपिनबिहारी मेधावींशी झालेला विवाह, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, पुण्यातील आर्य महिला समाज, हा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी. आणि तो मार्ग ऐकू कमी येत असल्यामुळे बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा त्यांच्या मनावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः मान्य केला आहे.

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न सुटला, अशी समजूत वाचकाची असेल तर रमाबाईंच्या त्यानंतरच्या पत्रव्यवहाराने ती दूर होते. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी तीस हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर तिच्या कार्यास याने बाधा येईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी ते मानले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांनी नम्रता व आज्ञाधारकपणा यांचा उपदेश केला. रमाबाईंच्या उत्तरांचा इत्यर्थ असा की, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यानंतर दुसऱ्या तशाच वर्गाचा शब्द देवाची आज्ञा म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. देवाने मनुष्यास सदसद्विवेकबुद्धी दिली ती वापरण्यासाठीच. या वादात दोन्ही पक्षांस एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे देवाची इच्छा पाळली जावी. मतभेद होता तो तिचा अर्थ लावणारा कोण, याविषयी. सिस्टर जेराल्डिन यांची बाजू अगदीच टाकाऊ होती असे म्हणता येत नाही. एकट्याचे अंतःकरण फसू शकते म्हणूनच मंडळीची साक्ष हवी, हे तत्त्व त्रोवसच्या प्रसंगापासून चालत आलेले आहे. परंतु मंडळी म्हणजे केवळ परदेशातील वरिष्ठ, असा अर्थ होऊ लागला की त्या तत्त्वातील प्राण जातो, आणि रमाबाईंनी नेमके तेच हेरले होते असे दिसते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, आणि थोड्या दिवसांचा तो प्रवास दीर्घ मुक्कामात बदलला. बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास, १८८७ चे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक, आणि त्याच वर्षी बॉस्टन येथे स्थापन झालेले साहाय्यक मंडळ यांच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यास आणण्यात आले. संस्थेने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावयाचे, अशी अट होती. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि ज्या मुलींस वाटे त्या तेथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले; रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. येथे संकल्प व वचन यांचा सामना झाला. आपल्या प्रार्थनेसाठी दार बंद करणे रमाबाईंस ख्रिस्ताशी प्रतारणा वाटले. दार उघडे ठेवणे ही दिलेल्या शब्दाशी प्रतारणा, असे सल्लागारांस वाटले. ज्यांनी विश्वासाने आपल्या विधवा लेकी तेथे ठेवल्या होत्या त्यांच्या क्षोभास आधार नव्हता, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. त्याचबरोबर हेही खरे की, सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्या हिंदूच राहिल्या.

रमाबाईंच्या कथनातील सर्वांत लक्षणीय भाग याच काळाशी निगडित आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, त्यांस जाणवले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा भेद मुद्दाम मांडला आहे. म्हणजे बुद्धीने तोलून घेतलेला निर्णय आणि त्या निर्णयाचे अंतःकरणात उतरणे यांमध्ये इतक्या वर्षांचे अंतर पडले. आणि मधल्या काळातील सर्व कार्य, शारदा सदनाची स्थापना धरून, त्या उणिवेसह झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा त्यांनी आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांस पुण्यात ठेवणे अशक्य झाले, आणि संस्थेस स्वावलंबी करण्यासाठी केडगाव येथे घेतलेली शेतजमीन कामी आली. मुक्ती सदन उभे राहिले ते असे. वैद्यकीचे दार बंद झाले, पुण्यातील पाठिंबा गेला, शहर सोडावे लागले. प्रत्येक नकारातून पुढचे पाऊल पडलेले दिसते. स्वतः उपाशी हिंडलेली मुलगी दुष्काळातील मुलींस शोधावयास गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे या कार्याचे मूळ १८७४ पर्यंत मागे जाते.

मात्र येथे अभ्यासकाने सावध असले पाहिजे. आयुष्यातील आघातांची अशी संगती लागते ती मागे वळून पाहताना. ‘साक्ष’ हा लेखनप्रकारच मुळी मागे पाहण्याचा आहे; त्यात सर्व वाटा अखेरच्या मुक्कामास मिळालेल्या दिसतात, आणि ज्या वाटा कोठेच पोहोचल्या नाहीत त्या गळून जातात. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राचे नावच पाहावे : पहाट झाल्यावरच मागील काळास रात्र म्हणता येते. यावरून या साक्षी खोट्या ठरतात असे नव्हे. पौलाचेही ‘अनुमान’ दारे बंद झाल्यानंतरचेच होते. पण चालू क्षणी निर्णय घेणाऱ्यास ही संगती उपलब्ध नसते, त्यास केवळ पुढचे पाऊल दिसत असते, हा भेद विसरला की चरित्राचे पुराण होते.

नारायण वामन टिळक यांचे चरित्र या दृष्टीने अधिक प्रामाणिकपणे अव्यवस्थित आहे. १८६१ मध्ये कोकणात करजगाव येथे जन्मलेले टिळक कवी, कीर्तनकार, शिक्षक, संपादक अशा अनेक भूमिकांतून फिरले. राष्ट्राच्या उद्धारास नव्या धर्माची गरज आहे, आणि तो आपणच मांडावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळक वाचू लागले आणि गिरिप्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले म्हणून त्यास कौलाचे रूप देण्याचा मोह होतो. परंतु टिळकांस पटविले ते भाकिताने नव्हे, वाचनाने. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये नगर येथे अध्यापन, १९०४ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा, ‘ज्ञानोदया’चे संपादन असे कार्य त्यांच्या हातून झाले, तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे ज्या कार्यास ते आपले खरे पाचारण मानू लागले होते त्यास दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत. बावीस वर्षे मिशनमध्ये केलेले काम मग काय होते? टिळकांनी ते चुकीचे ठरविले नाही. पाचारण एकदाच येते आणि आयुष्यभर पुरते, हे गृहीतच त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

परंतु टिळकांच्या चरित्रातून निघणारा सर्वांत कठीण प्रश्न टिळकांविषयीचा नाही. एकास आलेल्या हाकेची किंमत दुसऱ्याने का द्यावी? लक्ष्मीबाई टिळक यांस पतीच्या बाप्तिस्म्याने जो आघात झाला त्याचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि मराठी वाचकांस ते ठाऊक आहे. सधवा असून पतीविना, लहान मुलास घेऊन, नातलगांच्या आश्रयाने त्यांस काही वर्षे काढावी लागली. त्या काळी १८६६ चा एक कायदा अस्तित्वात होता. धर्मांतरामुळे पती वा पत्नी एकत्र राहण्यास नकार देत असल्यास धर्मांतरित व्यक्तीस न्यायालयामार्फत विवाहबंधनातून मुक्त होण्याची तरतूद त्यात होती. टिळकांनी तिचा आधार घेतला नाही. ते वाट पाहत राहिले. ख्रिस्ती नीतिशास्त्रात घरदार सोडून अनुसरण करण्याची शिकवण आहे, आणि जोडीदार विश्वास न ठेवणारा असला तरी त्यास टाकू नये अशीही पौलाची शिकवण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. या दोहोंमधील ताण कोणत्याही सिद्धान्ताने नाहीसा होत नाही. टिळकांनी तो सोसला हे खरे. पण अधिक सोसावे लागले ते ज्यांस कोणतीच हाक ऐकू आलेली नव्हती त्या लक्ष्मीबाईंस.

त्यांचा स्वतःचा मार्ग फारच निराळा होता. पतीकडे परत आल्यानंतरही त्यांनी सोवळेओवळे पाळले, वेगळा स्वयंपाक ठेवला. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्या मनात उभा राहिला, आणि तो माणसाने केला असे उत्तर मिळताच तो पाळण्याचे त्यांनी सोडून दिले. त्यात दृष्टान्त नाही, वाणी नाही. इग्नेशियसच्या तिसऱ्या काळातील शांत तोलाचा तो स्वयंपाकघरात घडलेला नमुना होय. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० च्या सुमारास, झाला. त्यांच्या लेखनात ‘संकल्प’ या शब्दाचे अवडंबर नाही. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा, घरात आणलेली अनाथ मुले, कवीच्या संसारातील नित्याची तंगी यांचीच हकीकत येते, आणि विनोदाने येते.

या सर्व चरित्रांस एक मर्यादा आहे, ती अशी की ही सर्व ब्राह्मण कुळांतून वा सुशिक्षित वर्गांतून आलेली, लिहू शकणारी माणसे होती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून जे ख्रिस्ती झाले त्यांतील बहुसंख्य महार व मांग समाजांतील होते, आणि १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या विशेष वाढली. तेथे निर्णय पुष्कळदा कुटुंबाने वा वस्तीने मिळून घेतला. त्यास मिशनच्या टीकाकारांनी धान्यासाठी केलेले धर्मांतर म्हटले, आणि व्यक्तिगत पाचारणावर भर देणाऱ्या काही पाद्र्यांसही ते शंकास्पद वाटे. पण देव हाक मारतो ती एकट्या अंतःकरणासच, हे कोणी ठरविले? इस्राएलास मिळालेले पाचारण एका सबंध लोकसमूहास होते. गावाच्या वतीने कौल लावणाऱ्या सह्याद्रीतील मनुष्यास यात काहीच विचित्र वाटणार नाही. समूहाच्या संकल्पाचा ख्रिस्ती दृष्टीने विचार करणारे मराठी लेखन अद्याप पुरेसे झालेले नाही, आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यास तेथे काम करण्यास पुष्कळ वाव आहे.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. साधारण शिकलेल्या स्त्रीस ते वाचता यावे, हा हेतू. आणि हिंदू तत्त्वज्ञानाच्या अर्थांनी भारलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. छपाईचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. जिच्या हाती संस्था सोपवावयाची होती ती आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही निवर्तल्या. भाषांतर समग्र प्रसिद्ध झाले ते १९२४ मध्ये. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तर प्रारंभीच्या अध्यायांनंतरच थांबले होते. लक्ष्मीबाईंस टिळकांनीच लिहावाचावयास शिकविले होते. शाळा अशी त्यांनी पाहिली नव्हती. पतीच्या पश्चात त्यांनी ते काव्य हाती घेतले, आणि त्यातील उरलेला फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. १९३६ मध्ये त्या वारल्या.